मधला गंधार

मोहितेमास्तर जगातल्या प्रत्येक माणसावर रागवायचे. नळाला पाणी आलं नाही म्हणून, सांगूनही चहात दूध घातलं म्हणून, ढोलकीवाल्यानं बोटातली अंगठी न काढता थाप मारली म्हणून. मी त्यांच्याबरोबर तीन वर्षं वाजवलं आणि त्या तीन वर्षांत पोटभर शिव्या खाल्ल्या. फक्त एकदा, जेव्हा खरोखर माझं टाळकं सडकायला हवं होतं, तेव्हा ते रागावले नाहीत. त्याचा राग मला अजून येतो. त्यांचा नाही, माझाच.

मी तेव्हा तुर्भ्याला एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होतो. साताऱ्याहून आलेला, नेरूळला एका खोलीत भाड्यानं राहणारा, बिनलग्नाचा. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात तुंबा वाजवायला शिकलो होतो. तुंबा म्हणजे तो उभा, उंच ढोल, तळहातांनी वाजवतात तो. नेरूळ गावात बाळाराम म्हात्रे म्हणून एकांची लग्नात वाजवणारी पार्टी होती. जमिनी सरकारनं घेतल्यापासून त्यांचं भाताचं कोठार रिकामं पडलं होतं, त्यातच रविवारी सकाळी तालीम चाले. मी तिथं गेलो तेव्हा कोपऱ्यात एक बुटका, रुंद माणूस मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट घालून, गळ्यात अकॉर्डियन अडकवून बसला होता. हेच मोहितेमास्तर. त्यांनी मला दोन मिनिटं वाजवू दिलं.

"नाव काय तुझं?"

"शिंदे."

"शिंदे, हे काय वाजवलंस?"

"रुंबा, मास्तर."

"हा रुंबा? ह्याच्यावर तुझी आजीपन नाय नाचणार. ऊठ."

मी उठलो. त्यांनी गळ्यातली पेटी काढली, चपला काढल्या आणि कोठाराच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर पावलं टाकायला सुरुवात केली. एक, दोन, चा-चा-चा. एवढं जाड शरीर, पण पाय बघावेत तर मांजराचे. मलाही टाकायला लावली. सगळी पार्टी फिदीफिदी हसत होती आणि मी लाजेनं मरत होतो. मास्तर ओरडले, "त्यांच्याकडं काय बघतोस? पाय चुकला की हात चुकतो. नाचायचं म्युझिक कानानं वाजवतात काय, गाढवा? आधी पायात उतरव."

दोन महिने त्यांनी मला तुंब्याला हात लावू दिला नाही. खाटेचा मोडका पाय कापून त्यांनी दोन आखूड दांडके केले होते, ते माझ्या हातात दिले. ते एकमेकांवर आपटायचे, ठरलेल्या पाच ठोक्यांत, पहिले तीन सुटे आणि पुढचे दोन जवळजवळ. बाकी पार्टी काहीही वाजवो, दांडक्यांनी आपलं सोडायचं नाही. "क्यूबात म्हणे म्हातारेसुद्धा भांडण करताना ह्याच ठेक्यात बोलतात," असं ते सांगायचे. क्यूबा नकाशात कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, मीच दाखवलं. तेव्हा ते म्हणाले, "एवढासा?" आणि त्याच्यावरही रागावले.

हे सगळं ते कुवेतहून शिकून आले होते. मूळ गाव महाडकडचं. बाप गावोगाव लग्नात वाजवणारा. बाबासाहेबांच्या मागं गावानं ते काम सोडलं तेव्हा बापानं सनई माळ्यावर टाकली आणि पोराला बजावलं की वाजवायचं असेल तर टेबलखुर्चीवर बसून, इस्त्रीच्या कपड्यांत वाजव. मनगटावरची ती बटणं तिथली होती. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी ती उघडत नसत. मुंबईत एका ख्रिश्चन बँडवाल्याकडं अकॉर्डियन शिकले, मग कुवेतच्या एका हॉटेलात गेले ते लाँड्रीत. दिवसभर चादरी इस्त्री करायच्या आणि संध्याकाळी हॉटेलच्या बँडमध्ये बसायचं. बँडमधले गोव्याचे लोक रुंबा, चा-चा-चा, बोलेरो वाजवायचे. गिऱ्हाईक अरब. त्यांना ठेका आवडे पण सूर आवडत नसत. म्हणून मालकानं एक इजिप्तचा म्हातारा आणून बसवला. त्याचं नाव फौझी, वाजवायचा ऊद. ऊद म्हणजे पोटाला मोठा आणि मानेला आखूड असा तंबोऱ्याचा चुलतभाऊ.

फौझीचे सूर आणि अकॉर्डियनचे सूर जुळेनात. त्यांच्या गाण्यात एक गंधार असतो, तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही. बरोबर मधला. निषादाचंही तसंच. ऊदावर बोट थोडं सरकवलं की तो सापडतो, पण पेटीवर पट्टी दाबली की एकतर हा नाहीतर तो. मास्तर सांगायचे, "आठ दिवस आमी दोघं भांडलो. त्याला हिंदी येत नाय, मला अरबी येत नाय. नुसते हातवारे. तो बोलायचा, तुझा सूर खोटा. मी बोलायचो, तुझा खोटा. मग त्यानं माझी पेटी उघडली." पेटीत प्रत्येक सुरासाठी धातूची एक पातळ जीभ असते. ती घासून सूर चढवता किंवा उतरवता येतो. फौझीनं पेटीतल्या एकाच फळीवरचे गंधार आणि निषाद घासून त्या मधल्या जागी आणून बसवले. वरचं बटण बंद असलं की पेटी सगळ्यांसारखी वाजे. बटण दाबलं की ती फळी सुरू होई आणि मधला गंधार बोलायला लागे. त्या दिवसापासून हॉटेलात रुंब्याच्या ठेक्यावर अरबी गाणी सुरू झाली. "लोक टेबलं सोडून उठायचे, शिंदे. बुरख्यातल्या बायकांचे पाय टेबलाखाली हलायचे, ते मी बघितलेत."

ह्या गोष्टीच्या शेवटी ते नेहमी एकच वाक्य बोलत. "सूर खरा का खोटा ते नंतर. आधी विचार, सूर कुणाचा."

मग इराकनं कुवेत घेतलं. बसमधून वाळवंट ओलांडून अम्मानपर्यंत जायचं होतं. बसमध्ये जागा नाही, प्रत्येकी एकच सामान. लोकांनी व्हीसीआर घेतले, सोनं घेतलं, मास्तरांनी कपड्यांची बॅग टाकली आणि पेटीवर बसून आले. त्यांची बायको शेवंतावहिनी मला हे सांगताना दरवेळी कपाळावर हात मारायच्या. "विमानतळावर गेले मी. लोकांच्या बायका नवऱ्याच्या गळ्यात पडतायत. आमचे हे काय बोल्ले म्हायतंय? 'आधी पेटी धर, मग रड.'"

मला ही सगळी गोष्ट आवडायची. शंभर वेळा ऐकली. पण खरं सांगायचं तर मला तो मधला गंधार आवडायचा नाही. मास्तरांनी बटण दाबलं की माझ्या दाढा आंबायच्या. पेटी बसलीय असंच वाटे. हे मी कधीही बोललो नाही. वडीलधारा माणूस, एवढं सोसून आलेला, त्याला काय तोंडावर सांगायचं? मी मान डोलवायचो आणि म्हणायचो, "वा मास्तर."

एकदा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सांस्कृतिक कार्यक्रम होता. मीच मास्तरांना बोलावलं. त्यांनी फौझीची एक चाल वाजवली, मी तुंब्यावर होतो. पहिल्या रांगेत शेजारच्या सेक्टरमधले गायनक्लास चालवणारे सर बसले होते. चाल संपल्यावर ते उठून प्रेमळपणानं म्हणाले, "ठेका सुरेख. पण पेटी ट्यून करून घ्या, गंधार उतरलाय."

"उतरला नाय. तसाच आहे," मास्तर म्हणाले.

"अहो, आपल्याकडं बावीस श्रुती सांगितल्यात. मला काही हे नवीन नाही. पण त्या कुठं लावायच्या याला शास्त्र आहे. तुमच्या बँडमध्ये चालत असेल असं."

"तुमच्या म्हणजे कुणाच्या?"

सरांचा चेहरा लाल झाला, "माझा तसा अर्थ नव्हता" वगैरे सुरू झालं. मास्तर पेटी गळ्यात तशीच ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "अर्थ तुमचा काय असंल तो असू दे. बावीस आहेत ना? मग ह्यातली ही कितवी, बोला. नाय माहीत? मग बसा खाली." मागच्या रांगांमधून हसू फुटलं. ते सरांना हसत होते की मास्तरांना, हे मला आजवर कळलेलं नाही. मला त्या हसणाऱ्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. घरी गवयांच्या फोटोंच्या फ्रेमा पुसणारी, दिवाळी पहाटेला झब्बे घालून येणारी ही माणसं. एक जण उठून म्हणाला नाही की पुन्हा वाजवा, नीट ऐकू द्या.

आणि मी काय केलं? कार्यक्रम संपल्यावर जिन्यात सरांना गाठलं आणि हळूच म्हणालो, "मनावर घेऊ नका सर, वय झालंय त्यांचं." सर म्हणाले, "नाही नाही, कलावंत माणूस आहे." आम्ही दोघं सुसंस्कृतपणे हसलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात करावे गावात एका लग्नाला आम्ही वाजवत होतो. आगरी लग्नाला धवलारीण लागते. ही एक म्हातारी बाई असते. हळद, मांडव, तांदूळ, प्रत्येक विधीला ती देवांना नावं घेऊन लग्नाला बोलावते, गाण्यातून. त्या गाण्यांना धवले म्हणतात. त्यांना साथ नसते, पार्टीवाले त्या वेळात चहा पितात. आम्हीही पीत होतो. सोनूबाय नावाची काळीसावळी, दात पडलेली धवलारीण मांडवात बसून म्हणत होती आणि एकाएकी मास्तरांच्या हातातला कप कलंडला. ते धावत मांडवात गेले, पेटी अडकवली, बटण दाबलं आणि एकच सूर धरला.

सोनूबायचा गंधार आणि पेटीचा गंधार एकच होता. मलासुद्धा कळलं. तोपर्यंत तिचं गाणं मला खेडवळ आणि पेटी बिघडलेली वाटत होती, आणि दोन्ही एकत्र आल्यावर कुठंच काही खटकेना.

"बाय, हा सूर कुठनं आणलास?" मास्तर जवळजवळ ओरडलेच.

सोनूबायला कुणी मधेच थांबवलेलं खपत नसे. "मना काय म्हाईत? माजे आयशीन शिकवला, तिला तिचे आयशीन. तू कोन बामन रं मना इचारनारा?"

मास्तर आयुष्यात पहिल्यांदा शिवी खाऊन खूश झालेले मी पाहिले. वाटेत ते एकटेच बडबडत होते. अरबांची गलबतं इथं यायची म्हणून असेल, नाहीतर नसेल, माणसाचा गळा सगळीकडं सारखाच असेल. शेवटी म्हणाले, "जाऊ दे तिकडं. फौझीला ऐकवला पायजे."

मग ते दर रविवारी सोनूबायच्या ओटीवर जाऊन बसायला लागले. धवल्याखाली चा-चा-चा घालायचा त्यांचा बेत होता. सोनूबायनं पहिल्याच दिवशी तो उडवून लावला. "देवांना बोलवताव आपुन. म्हातारे देव हायेत, त्यांना धावत आनू नको." मास्तर तिच्याशी तासभर भांडले, ती तसूभर हलली नाही. दुसऱ्या रविवारी ते ठेका निम्म्यानं संथ करून आले. बोलेरो. तुंब्यावर मी, नुसत्या बोटांनी. सोनूबायनं दोन ओळी म्हटल्या, थांबली, तंबाखूची गुळणी टाकली आणि म्हणाली, "हा, आता चालतील. आता पाय टेकवतील." त्या ओटीवर बसून मी जे वाजवलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवणं होतं. ते टेप झालं नाही. तेव्हा कुणाला सुचलं नाही.

दिवाळीच्या सुमारास फौझीचं पत्र आलं. तो अलेक्झांड्रियाला परत गेला होता, बोटं वाकडी झाल्यामुळं ऊद सुटला होता. पत्र त्याच्या मुलीनं इंग्रजीत लिहिलं होतं, म्हणून मास्तर ते माझ्याकडं घेऊन आले. मी वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, माझे दोन सूर अजून जिवंत आहेत का, की मुंबईच्या समुद्रानं खाल्ले? मास्तरांनी खिडकीकडं तोंड केलं. तिकडंच बघत म्हणाले, "लिही. जिवंत आहेत. टेप पाठवतो, सोनूबायच्या नातवाच्या लग्नात करतो. धवला, ठेका आणि त्याचा गंधार. लिही, तुझी जीभ अजून बोलतेय." ते उत्तर मी माझ्या हातानं लिहिलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही.

लग्नाला तीन आठवडे राहिले असताना मास्तरांची आई गेली. ते गावी निघाले. त्यांच्या घरात वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी झिरपायचं, म्हणून पेटी माझ्या खोलीवर आणून ठेवली. "गादीवर ठेव. उन्हात ठेवू नको. कोणाला हात लावू देऊ नको." त्यातल्या "कोणाला"मध्ये मीही येतो, हे मला कळायला हवं होतं.

पत्रातलं ते समुद्राचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. मला वाटलं, कुवेतच्या कोरड्या हवेत तो गंधार बरोबर असेलही. इथं खाडीच्या दमट हवेत चार वर्षं काढून तो घसरला असणार. सोनूबायशी जुळला तो योगायोग. टेप परदेशात जायची, फौझी ऐकून काय म्हणेल? मास्तरांना सांगितलं तर आकांडतांडव करतील. ते परत यायच्या आत गुपचूप नीट करून ठेवावी, त्यांना आनंदाचा धक्का द्यावा. म्हात्रेही म्हणाले, "बगून घे बाबा एकदा." मी पेटी टॅक्सीत घालून दादरला एका जुन्या कारागिराकडं नेली.

तो माणूस प्रामाणिक होता, त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. त्यानं पेटी उघडली, एकेक सूर वाजवून पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "पेटी चोख आहे. फक्त ह्या एका फळीतले गंधार-निषाद उतरलेत. पण सगळ्या सप्तकांत अगदी सारखे उतरलेत. हवेनं असं होत नाही. कुणी मुद्दाम केलंय का?"

मला "हो" म्हणता आलं असतं. त्यानं पेटी तिथंच मिटली असती. मी उत्तर लिहिलं होतं, मी ओटीवर बसलो होतो, ती कुवेतची गोष्ट मला तोंडपाठ होती. पण कुणीतरी जाणकार माणूस मला विचारत होता आणि त्याच्यापुढं उभं राहून, हे बेसूर नाही, हे असंच असतं, असं सांगायची मला लाज वाटली. बस्स. एवढंच कारण आहे, दुसरं काही शोधून सापडलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "सरळ करून टाका."

मास्तर मांडवाच्या आदल्या संध्याकाळी गावाहून आले. मांडवाच्या दिवशी सकाळी म्हात्र्यांनी आपला टेपरेकॉर्डर सोनूबायच्या पुढ्यात पाटावर ठेवला, नवी कॅसेट घातली. बायका गोल बसल्या होत्या. मास्तरांनी बाह्या सारख्या केल्या, पेटी गळ्यात घेतली, वाजवून पाहिली नाही. माझ्याकडं ठेवलेली होती ना. मी मनातल्या मनात खुशीत होतो.

सोनूबायनं देवांना हाक घातली. पहिल्या ओळीत गंधार नव्हता. दुसऱ्या ओळीत तो आला आणि तिनं गाणं तोडलं.

"मास्तर, तुजी पेटी मना सोरून चालली."

मास्तरांनी गंधार पुन्हा दाबला. बटण बंद करून दाबला, चालू करून दाबला. दोन्ही वेळा एकच सूर, स्वच्छ, शाळेच्या प्रार्थनेतल्यासारखा. त्यांनी सप्तकासप्तकातले सगळे गंधार एकेक करून दाबले. मग निषाद. टेप फिरत होती.

"कोणी उघडली?"

"मी. दादरला दुरुस्त करून आणली. टेपसाठी."

मी मार खायला तयार होतो. खरं तर मला तो हवाच होता. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

"तुला बेसूर वाटत होता?"

मी मान डोलवली.

"तीन वर्षं?"

"हो."

"मग बोल्ला का नाय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"त्या गायनक्लासवाल्यानं वाईट वाटायची फिकीर केली नाय. तोंडावर बोल्ला. मी त्याला तोंडावर हाणला. पेटी शाबूत राहिली." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याशी बोलावं तसा. "फौझी माझ्याशी आठ दिवस भांडला, तवा हा सूर झाला. तू एकदा भांडला असतास, शिंदे."

त्यांनी पेटीचा भाता मिटला, पट्टा लावला. "तुंबा सावलीत घे. चामडं तडकंल." एवढं बोलून ते मांडवाबाहेर जाऊन बसले. सोनूबायनं सगळे धवले एकटीनं म्हटले, नेहमीसारखे. देव आले असतील, त्यांना काय, ते आधीही बिनपेटीचेच येत होते.

घासलेली जीभ पुन्हा जाड करता येत नाही. मास्तरांनी घरी बसून ब्लेडनं तो गंधार परत उतरवायचा प्रयत्न केला. दोनदा घासून पातळ झालेल्या जिभा. दोन मोडल्या, बाकीच्या राहिल्या तशा राहिल्या. शेवंतावहिनींनी मला हे रस्त्यात थांबवून सांगितलं, आणि रागानं नाही तर काळजीनं सांगितलं, म्हणून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या हंगामात म्हात्र्यांनी कीबोर्ड घेतला. त्यावर रुंबा नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की रुंबा सुरू व्हायचा, पाय असो नसो. मी पार्टी सोडली. मास्तरांनी माझ्या आधीच सोडली होती.

दोन वर्षांनी ऑफिसच्या कामानं मला उरणकडं द्रोणागिरीला जावं लागलं. बंदराचा माल ठेवायची गोदामं तिथं नुकतीच उभी राहत होती, बाकी सगळा भराव आणि धूळ. एका गोदामाच्या फाटकावर पत्र्याच्या केबिनमध्ये ट्रकांचे नंबर लिहून घेत मोहितेमास्तर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुढं सरकवलं, काळा चहा दिला. सोनूबायला दमा झालाय म्हणाले. मग टेबलाचा खण उघडून एक कॅसेट काढली आणि छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

"फौझीसाठी केलीय. मागच्या महिन्यात, तिच्या ओटीवर. अजून पाठवली नाय. ऐक आणि सांग, पाठवण्यासारखी आहे का."

मी ऐकलं. बोलेरोचा ठेका त्यांनी स्वतःच टेबलावर की कशावर तरी धरला होता, तुंबा नव्हता. पेटी एकेक सूर चढत यायची आणि गंधाराशी गप्प व्हायची. जीभ मोडलेल्या त्या पट्टीतून नुसती हवा सुटल्याचा आवाज यायचा. त्या रिकाम्या जागी सोनूबायनं आपला गंधार घालायचा, असा बेत होता. पण तिचा दम पुरत नव्हता. सूर निम्म्या वेळा पोचायचाच नाही, पोचला तर खोकल्यात मोडायचा. एका ठिकाणी तर मास्तरांनीच घोगऱ्या आवाजात तो म्हणून भरून काढला होता, तोही लागला नव्हता. ऐकवत नव्हतं. फौझीनं हे ऐकलं असतं तर त्याला कळलं असतं की त्याचे सूर मेले.

टेप संपली. बाहेर ट्रक हॉर्न देत होता, मास्तर उठले नाहीत. माझ्याकडं बघत होते. भांडायला बसल्यासारखे, दोन्ही हात टेबलावर ठेवून.

"छान आहे," मी म्हणालो. "पाठवा."

त्यांनी कॅसेट काढली, खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं आणि ट्रकचा नंबर लिहायला वही ओढली.

"नीघ," ते म्हणाले. "बस सुटंल तुझी."

बसला अजून पाऊण तास होता.